सिस्टरचं बाकडं आणि आमचे आठ दिवस

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. कूलरच्या गवतात धूळ बसत जाते तसे ते बसत जातात, आणि एखाद्या दिवशी मोटर सुरू केली की सगळे एकदम तोंडावर! परवा माझी पुण्याची भाची म्हणाली, "मावशी, एका बाकड्याबद्दल माणूस बोलून बोलून किती बोलणार?" मी म्हटलं, "तू चहा ठेव." तिनं चहा तीनदा ठेवला, तरी मी अर्ध्यावरच होते.

तर ऐका. अमरावतीत आमच्या कॉलनीला एक ओपन स्पेस आहे, आणि तिथे कडुलिंबाखाली एक जुनं बाकडं. बिडाचे पाय, दोन्ही बाजूंना बिडाचेच हात, आणि सागवानाच्या पाच पट्ट्या. तीन बसायला, दोन टेकायला. रोज सकाळी त्यावर आम्ही चौघं. मी गणिताची रिटायर्ड बाई. सगळे मला मॅडम म्हणतात आणि माझ्या तापट डोक्याला घाबरतात, असा निदान माझा समज आहे. दुसरे ढोरेसाहेब, सरकारी खात्यातले निवृत्त इंजिनिअर. तिसरे राऊतभाऊ, मोर्शीकडचे संत्रावाले. बाग थोरल्याच्या हवाली करून इथे धाकट्याकडे राहायला आलेत. आणि चौथी इंगळेसिस्टर. बाकडं तसं कॉलनीचं, पण खरं म्हणाल तर सिस्टरचं. का ते सांगते.

*

सिस्टर जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स होती. लग्नपत्रिकेत तिचं नाव छापलं होतं म्हणे. त्यानंतर ते कुणी वापरलं नाही. नवरासुद्धा सिस्टरच म्हणायचा!

एकदा दोघं साडी घ्यायला गेले. हे म्हणतात, "सिस्टर, हे पाय बरं, हिरवी." मग म्हणतात, "सिस्टर, थे जांभळी पाय." शेवटी दुकानदारानं हातच जोडले. "साहेब, बहिनीवर एवढा जीव लावनारा मानूस म्या पाह्यला नाई!"

सिस्टर म्हणाली, "हौ ना जी. बायकोले तं यायनं कधी दुकानाचं तोंड नाई दाखवलं!"

आता नवरा नाही, मुलगा नोकरीनिमित्त बाहेर, आणि सिस्टरचे गुडघे गेलेले. एकाचं ऑपरेशन झालं, दुसरा तिनं तसाच ठेवलाय. बसते छान, पण उठता येत नाही. मागच्या वर्षी अकोल्याला एका लग्नात ती नवरा-नवरीसोबत फोटो काढायला स्टेजवर गेली आणि त्यांच्या शेजारच्या मऊ सोफ्यावर टेकली. टेकली ती टेकलीच! उठवायला जावं तर पुढचे पाहुणे फोटोला येऊन उभे. त्या लग्नाच्या अल्बममध्ये आता नवरदेवाचे मामा एकदा आहेत, नवरीची आत्या दोनदा, आणि सिस्टर प्रत्येक फोटोत आहे.

जगात फक्त एका जागेवरून ती एकटी उठायची. आमच्या बाकड्यावरून. त्याची उंची बरोबर, आणि बाजूला धरायला बिडाचा हात. तो हात धरायची, एकदा "चाल माय" म्हणायची आणि उभी राहायची. कुणाच्या मदतीशिवाय उभं राहायचं हा तिचा रोजचा सण होता, आणि आम्ही तिघं तो रोज पाहायचो.

*

बाकडं मोडलं ते ढोरेसाहेबांच्या खाली. आणि कधी मोडलं, तर साहेब आपण बांधलेल्या एका पुलाची गोष्ट सांगत असताना!

"मी कॉन्ट्रॅक्टरला स्पष्ट सांगितलं," साहेब म्हणाले, "म्हटलं, वरून हत्ती गेला तरी..."

कड्डाक!

मधली पट्टी बरोबर मध्यावर तुटली. साहेब मधोमध खाली गेले, गुडघे वर आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर. आम्ही धावलो. पण साहेब इंजिनिअर ना. तशाच अवस्थेत त्यांनी मान वाकवून पट्टीची खालची बाजू पाहिली आणि म्हणाले, "मेंटेनन्स झालेला दिसत नाही."

सिस्टर म्हणाली, "पाहनी झाली असल तं उठा साहेब. आमाले अजून बसाचं हाये."

पण बसणार कशावर? बाकीच्या पट्ट्याही झिजून पाठीला टोचत होत्या, आणि सिस्टरच्या बाजूचा हातसुद्धा आता लगालगा हलत होता. त्या दिवशी तिला आम्ही तिघांनी मिळून उठवलं.  मला फार वाईट वाटलं.

*

दुसऱ्याच दिवशी आमच्या भागातले लोकप्रिय भाऊ हजर. पडल्या फळाची बातमी त्यांना सगळ्यांत आधी लागते. त्यांनी तुटक्या बाकड्यासोबत उदास चेहऱ्यानं फोटो काढला आणि जाहीर केलं, "येत्या रविवारी इथे सिमेंटचं नवंकोरं बाकडं येईल. हे भंगारात टाकू!"

कॉलनीतले लोक खूश. कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. सिस्टरनं विचारलं, "भाऊ, त्याले हात हायेत का?"

"माझा हात आहे ना सिस्टर, तुमच्या पाठीशी!"

"पाठीशी नाई पायजे, बाजूले पायजे!"

लोक हसले. भाऊंना कळेना. मग मी माझ्या वर्गातल्या आवाजात समजावलं की सिमेंटचं बाकडं बुटकं असतं, त्याला हात नसतात, आणि त्यावर सिस्टर बसली तर तिथेच राहील. भाऊ म्हणाले, "पण मॅडम, ऑर्डर गेली."

तेव्हा सिस्टरनं हुकमाचा पत्ता काढला. "पाय रे. तुया जन्म झाला तवा तू रडून नाई राह्यलता. म्या तुले उलटा धरून पाठीवर चापट हानली तवा कुठी तुया आवाज निंघाला. आज तू माईकवर बोलतं थे माया चापटीनं!"

भाऊंच्या कार्यकर्त्यांनी आपापल्या पायांकडे पाहायला सुरुवात केली. भाऊ नरमले. म्हणाले, रविवारी सकाळी आठला गाडी येईल. तोवर जुनं बाकडं धड उभं असेल, तर सिमेंटचं दुसरीकडे कुठे टाकू. नसेल, तर हे उचलू.

ते गेल्यावर सिस्टर मला हळूच म्हणाली, "नाई झालं तं नाई झालं, मॅडम. म्या खिडकीतून पाहीन तुमाले." खिडकीतून! मला भयंकर राग आला. कुणाचा आला ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

*

दुरुस्तीची जबाबदारी ढोरेसाहेबांनी घेतली, कारण बाकडं त्यांच्या वजनानं गेलं असं राऊतभाऊ सगळ्यांना सांगत सुटले होते. साहेब म्हणाले, "आधी प्लॅन." आम्ही म्हटलं, बरं.

एक दिवस गेला. दोन गेले. तिसऱ्या दिवशी साहेब भली मोठी गुंडाळी घेऊन आले. बाकड्याचं वरून चित्र, समोरून चित्र, बाजूनं चित्र, पोट कापलेलं चित्र, आणि कोपऱ्यात उत्तर दिशा दाखवणारा बाण!

आठातले तीन दिवस गेले होते. माझं डोकं सणकलं. "साहेब, मोडलेली पट्टी एक आणि कागद सात?"

साहेब शांतपणे म्हणाले, "मॅडम, हा तर कच्चा आराखडा आहे."

सिस्टरनं तो बाण निरखून पाहिला. "साहेब, आता उत्तरेकडे तोंड करून बसा लागते का?"

कागद मात्र वाया गेला नाही. पुढे रंगकाम करताना खाली अंथरायला त्याच्याइतकं मोठं दुसरं काही मिळालं नाही.

*

खरा माणूस भेटला तो राऊतभाऊंना, पानठेल्यावर. रहमानमिस्त्री. मूळचे अकोटचे, सारी उमर तिथल्या एका जिनिंगमध्ये लाकूडकाम केलेलं, आता लेकीकडे अमरावतीत. आम्ही बाकडं उचलून सिस्टरच्या अंगणात नेलं होतं. मिस्त्री आले, बाकड्याभोवती एक फेरी मारली, आणि हत्याराला हातही न लावता म्हणाले, "कौन किधर बैठता? बैठो."

"मोडक्यावर?"

"बैठो ना बाई. मरीज को देखे बिगर दवा देऊ का?"

आम्ही जीव मुठीत धरून आपापल्या जागी टेकलो. सिस्टर नेहमीप्रमाणे उजव्या हाताशी, मग मी, पलीकडे राऊतभाऊ. मिस्त्रींनी कानामागची पेन्सिल काढून प्रत्येकाच्या जागेवर खूण केली. सिस्टरला म्हणाले, "हात कैसे पकडते, दिखाओ." तिनं दाखवलं. पंजा कुठे पडतो तिथे त्यांनी फुली मारली. शेवटी ढोरेसाहेब पुढे आले. मिस्त्रींनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"साब, आप रहने दो. आपका निशान तो पहले से है."

मग त्यांनी एका पट्टीखाली हात घालून बोटं फिरवली आणि त्यांचा चेहरा खुलला. आम्हाला वाकून पाहायला लावलं. वरून झिजलेल्या, काळ्या पडलेल्या त्या पट्ट्या खालच्या बाजूनं ताज्या होत्या! मिस्त्री म्हणाले, "लकडी बुढी नाई हुई. एकच कुशीवर सोई होती बिचारी. कूस बदलून देऊ, बस."

चार पट्ट्या उलटवायच्या आणि एक नवीन टाकायची, एवढंच काम. मी साहेबांच्या सात कागदांकडे पाहिलं. साहेब कडुलिंबाकडे पाहत होते.

*

पण उलटवायच्या तर नटबोल्ट निघायला हवेत. ते असे गंजलेले की पान्याला दादच देईनात. मिस्त्रींनी जोर लावला, राऊतभाऊंनी लावला, साहेबांनी सल्ला दिला. मिस्त्री म्हणाले, तोडावे लागतील, पण तोडताना बीड तडकलं तर हात गेला.

सिस्टर अंगणात आणलेल्या स्वयंपाकघरातल्या उंच स्टुलावर बसून हे पाहत होती. म्हणाली, "सरका सगळे. मॅडम, कापूस आना. राऊतभाऊ, डिझेल."

आणि मग आमच्या डोळ्यांदेखत तिनं प्रत्येक नटावर डिझेलमध्ये भिजवलेला कापूस ठेवला, वर बँडेज गुंडाळलं आणि नीट गाठ मारली. बोट कापलेल्या लेकराला बांधतात तशी. दहा नट, दहा बँडेज. "उद्या ड्रेसिंग काढू," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नऊ नट लोण्यासारखे निघाले! मिस्त्री डोक्याला हात लावून म्हणाले, "इतनी उमर गई, नट को मलमपट्टी करते आज देखा."

दहावा नट मात्र हटून बसला. तो नेमका सिस्टरच्या बाजूच्या हाताचा. तिनं त्याच्यावर एक टिचकी मारली. "तुले अॅडमिट करून ठेवते थांब." त्याला आणखी एक दिवस पट्टीत ठेवला, आणि तिसऱ्या दिवशी तोही सुटला.

*

नव्या पट्टीसाठी राऊतभाऊ मोर्शीला गेले. त्यांच्या शेतात जुनी मोडकी बंडी, म्हणजे बैलगाडी, पडलेली होती. बैलं गेली, ट्रॅक्टर आला, बंडी गोठ्याशेजारी तशीच. तिची सागवानी फळी त्यांनी काढली आणि थेट एसटीत चढवली.

कंडक्टर म्हणाला, "काका, याचं लगेज लागते."

"काहून?"

"सामान हाये ना."

"सामान नाई बावा, सीट हाये. बाकड्याची सीट. आता सीटले बी तिकीट लावता का तुमी?"

कंडक्टर विचारात पडला. गाडीत मागे उभं राहायलासुद्धा जागा नव्हती. राऊतभाऊंनी फळी मागच्या दोन पोत्यांवर आडवी टाकली आणि उभ्या असलेल्या दोन बायांना म्हणाले, "बसा माय." कंडक्टरनं ते पाहिलं आणि पुढे निघून गेला. त्या बाया अमरावतीपर्यंत त्या फळीवर गप्पा मारत आल्या. उतरताना एक म्हणाली, "काका, तुमची सीट गाडीच्या सीटीपरीस बरी हाये!"

मिस्त्रींनी फळी तपासायला घेतली तर राऊतभाऊ म्हणाले, "तपासू नका. पास होऊनच आली हाये."

*

पट्ट्या रंधून, उलटवून झाल्यावर मिस्त्री म्हणाले की लाकडाला रंग नको, जवसाचं तेल पाजू, लाकूड चार पावसाळे काढतं. राऊतभाऊंनी लगेच मोर्शीला फोन लावला. रेंज तिथे नेहमीचीच. हे अंगणातून ओरडतात, "सूनबाई, जवस पाठव! जवस! अर्जंट! मिस्त्री थांबला हाये!"

संध्याकाळच्या गाडीनं डबा आला. वरच्या खणात जवसाची चटणी, खालच्यात सहा भाकरी, आणि कडेला दोन कांदे! सुनेला वाटलं, मिस्त्री जेवायचा थांबलाय.

मिस्त्रींनी डबा पाहिला, आम्हाला पाहिलं, आणि हात धुऊन जेवायला बसले. चटणीवर वरून तेल ओतून घेतलं. जेवण झाल्यावर मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "बाकड्याले नाई, पन मिस्त्रीले पॉलिश झाली."

खरं तेल मग बाजारातून आणलं. ते लावल्यावर आठवडाभर त्या बाकड्याजवळ गेलं की भाकर आठवायची.

*

आता राहिले बिडाचे पाय आणि हात. त्यांना गंज धरू नये म्हणून ऑइलपेंट हवा. शुक्रवार उजाडला होता. मी म्हटलं, भगवा लावू. साहेब म्हणाले, "नको. लोक म्हणतील, यांचं बाकडं." राऊतभाऊ म्हणाले, "मंग हिरवा लावा." "नको, म्हणतील त्यांचं." निळा? तोही कुणाचा तरी निघाला. पिवळा? पिवळ्यावरही दोघांनी मान हलवली. पांढरा म्हटलं तर साहेब म्हणाले, "पांढरा म्हणजे आपण काहीतरी लपवतोय असं वाटतं."

आमच्या देशात रंग संपले होते. सिस्टरनं वैतागून विचारलं, "घरी कोनाच्या काय उरला हाये?"

आम्ही तिघं आपापल्या घरून डबे घेऊन आलो, सिस्टरनं आपला बाहेर काढला. चारही डबे चंदेरी निघाले! वऱ्हाडात दर मार्चमध्ये घरोघरी कूलरच्या स्टँडला जो चंदेरी रंग मारतात, तो. अर्धा-अर्धा डबा प्रत्येकाकडे उरलेला. या रंगाला पक्ष नाही. त्याचा एकच धर्म, उन्हाळा. बाकडं असं चकाकायला लागलं की शेजारच्या नवीन सूनबाईंनी विचारलं, "काकू, याला पाणी कुठून टाकतात?"

*

शनिवारी संध्याकाळी बाकडं परत कडुलिंबाखाली बसवलं. मिस्त्रींची ताकीद होती की रविवारी सकाळी सातपर्यंत कुणी टेकायचंही नाही, हलणारा हात घट्ट बसावा म्हणून त्याच्या बुडात भरलेला मसाला पक्का व्हायचाय. आम्ही बरं म्हटलं. पण मला वेगळीच काळजी होती. मिस्त्रींनी खुणेसाठी टेकवलं तेवढं सोडलं तर या आठ दिवसांत सिस्टर फक्त उंच स्टुलावर आणि पलंगावर बसली होती. चालणं बंद, गुडघा आखडलेला. बाकडं दुरुस्त झालं होतं, पण सिस्टर त्यावरून उठेल का? ती उठली नाही तर भाऊंचं सिमेंट काय आणि आमचं सागवान काय, तिला सारखंच होतं. हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून जो तो मसाल्याबद्दलच बोलत होता.

रविवारी सगळ्या कॉलनीला बाकडं पाहायला बोलवायचं ठरलं, आणि निमंत्रणाचं काम ढोरेसाहेबांकडे. ते पहाटे पाचला उठतात. रविवारी सहाला त्यांनी कॉलनीच्या ग्रुपवर मेसेज टाकला. कुणाचं बाकडं ते कळावं म्हणून सोबत सिस्टरचा फोटो, निवृत्तीच्या वेळचा, पांढऱ्या साडीतला. वर दोन जोडलेले हात. आणि खाली मजकूर: "सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, आपल्या सर्वांच्या लाडक्या इंगळेसिस्टर. आज सकाळी आठ वाजता, ओपन स्पेस. सर्वांनी बसायले यावे. हार-तुरे आणू नयेत."

मी तो मेसेज पाहिलाच नाही. साडेसातला मी सिस्टरला घेऊन निघाले. तिनं घराला कुलूप लावलं, फोन आत चार्जिंगला राहिला. राऊतभाऊ, साहेब आणि मिस्त्री आधीच तिथे होते. सिस्टर बाकड्यावर टेकली. कुठे कुरकूर नाही! बाकडं झाडाच्या पलीकडे, गेटकडे पाठ केलेलं. भला रुंद कडुलिंब आहे तो, गेटातून मागचं काही दिसत नाही.

आठला दहा कमी असताना गेटाशी माणसं यायला लागली. मी झाडाआडून डोकावले. सगळे पांढऱ्या कपड्यांत! बाया डोक्यावर पदर घेऊन.  आणि मग एक गाडी थांबली, त्यातून सिस्टरचा मूर्तिजापूरचा भाचा उतरला, दहा-बारा नातेवाइकांसकट, धाय मोकलून रडत. "मावशी गेली! घराले कुलूप! केव्हा गेली, केव्हा नेली, आमाले कोनी सांगतलंबी नाई!"

मी वळून साहेबांना विचारलं, "मेसेजमध्ये काय लिहिलंत?" साहेबांनी फोन पुढे केला. मी वाचलं आणि मला दरदरून घाम फुटला. आमच्याकडे कुणाच्या घरी माणूस गेलं की तिथे भेटायला जाण्याला "बसायले जाणं" म्हणतात. हे वऱ्हाडात शेंबडं पोरही जाणतं! आणि कुणीतरी तो मेसेज थेट मूर्तिजापूरलाही धाडला होता.

साहेब पांढरेफटक पडून म्हणाले, "मॅडम, मसुद्यात काही चुकलं काय?"

मी धावणार, तेवढ्यात पलीकडून भाऊंचा आवाज आला. सिमेंटचं बाकडं टेम्पोत घेऊन आले होते, आणि आता डोळे पुसत बोलत होते. "या माउलीनं मला जगात आणलं. अर्ध्या कॉलनीची नाळ तिनं कापली. तापात फणफणलेल्या किती लेकरांजवळ ती रात्र रात्र बसली, कधी एक शब्द बोलून दाखवला नाही..."

सिस्टरनं माझा हात घट्ट धरला. "थांबा मॅडम. ऐकू द्या. जितेपनी कोनाले भेटते हे ऐकाले?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठांवर हसू. मीही तिच्या शेजारी टेकले. राऊतभाऊंनी तर टोपीच काढून हातात घेतली.

भाऊ म्हणाले, "त्यांच्या स्मरणार्थ आजच इथे हे नवीन बाकडं बसवू. आता आपण सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं."

सगळीकडे शांत झालं. भाच्याचे हुंदकेसुद्धा थांबले. सिस्टरनं माझा हात सोडला. उजवा पंजा बिडाच्या हातावर ठेवला. रहमानमिस्त्री जागेवरच वाकले, नजर त्या हाताच्या बुडाशी.  सिस्टर ओठांतल्या ओठांत "चाल माय" म्हणाली. गुडघा थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला. चंदेरी हात जरासुद्धा हलला नाही. आणि सिस्टर उभी राहिली. एकटी!

मला रडू आलं. पण आवाज कसा करणार, दोन मिनिटं चालू होती ना.

सिस्टर एकेक पाऊल टाकत झाडाला वळसा घालून गेली. तिथे सगळे डोळे मिटून, माना खाली घालून उभे. तीही भाऊंच्या शेजारी जाऊन मान खाली घालून उभी राहिली. दोन मिनिटं पूर्ण होऊ दिली. भाऊंनी डोळे उघडले, शेजारी पाहिलं, आणि त्यांच्या तोंडातून आवाजच निघेना.

सिस्टरनं त्यांच्या पाठीवर एक चापट मारली आणि सगळ्यांकडे वळून म्हणाली, "बसायले आले ना सगळे? मंग बसा ना जी! बाकडं मोकळं हाये."